क्लासला आईलाही घेऊन जा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

सातवा महिना लागलाय आणि बाळंतपणाच्या क्लासला जावं की नाही, या विचारात आहेस. जा. २८ ते ३२ आठवड्यांत सुरू केलास तर सराव अंगात मुरायला वेळ मिळतो. पण बरोबर कोण येणार, ते आधी ठरव. नवऱ्याची नाशिकच्या अंबडला शिफ्ट, तू माहेरी सिन्नरला. म्हणजे कळांच्या वेळी शेजारी बहुधा आई असेल. मग निदान दोन वर्गांना तिला ने. कळ आली की माकडहाडाच्या वर तळहाताने किती जोराने दाबायचं, हे तिच्या हाताला कळायला हवं. प्रसूतीच्या खोलीत सोबतीला कुणाला घेतात, हेही दवाखान्यात आत्ताच विचार.

व्यायाम तर शिकवतातच. खरी कमाई म्हणजे कळा ओळखता येणं. खोट्या कळा चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की ओसरतात. खऱ्या वाढतच जातात. पहिलटकरणीचा साधारण हिशेब असा: दर ५ मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललेलं. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. कळ संपल्यापासून मोजलं की हिशेब चुकतो. फार लवकर गेलीस तर गर्भपिशवीचं तोंड दोन-तीन सेंटिमीटरच उघडलेलं असतं, मग ताटकळणं आलं. पण हा हिशेब दवाखान्याजवळ राहणाऱ्यांचा. तुला सिन्नरहून नाशिकच्या दवाखान्यात जाताना नाशिकरोड, द्वारका अशी कोंडी पार करायची आहे, तेव्हा किती आधी निघायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घे.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तर वेळ आणि रंग लक्षात ठेव आणि लगेच कळव. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघू नकोस. गाडी नसेल तर १०८.

श्वास नाकाने सावकाश आत, तोंडाने त्याहून लांब बाहेर. भराभर घेतलास तर बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर, उघडेपर्यंत जोर लावायचा नाही. उगाच दमशील आणि पिशवीच्या तोंडाला सूजही येऊ शकते. तोवर उताणी पडून राहू नकोस. चाल, भिंतीला टेकून पुढे झुक. उभं राहिल्याने, चालल्याने पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा, तासाभराने कमी होऊ शकतो.

‘हमखास नॉर्मल’ म्हणणाऱ्या क्लासची पायरी चढू नकोस. सिझेरियन कधी लागतं, भूल कशी देतात, हे सांगणारा निवड.

आणि अंगावर पाजण्याचा वर्ग आईला चुकवू देऊ नकोस. पहिल्या तासात बाळ छातीशी, सिझेरियन झालं तरी शक्य तितक्या लवकर. चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, फेकायचा नाही, मध-गुटी चाटवायची नाही. घरात आजी बोटाला मध लावून तयार असली, तर तुझं नाही, तुझ्या आईचंच ऐकेल.

तुझी,
मावशी