लाँग रन किती लांब असावा?

पहिल्या मॅरेथॉनआधी सगळ्यांना हीच धास्ती असते: सरावात ४२ किलोमीटर एकदाही पळालो नाही, तर शर्यतीत कसं जमणार? जमतं रे. पूर्ण अंतराच्या भानगडीत पडू नकोस. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सरावाची सगळ्यात लांब धाव, ३० ते ३२ किलोमीटरची पुरे, तेही दोन-तीनदाच.

त्यातही मी किलोमीटरपेक्षा घड्याळ बघायला सांगेन. साडेपाच मिनिटांत किलोमीटर काढणारा ३२ किलोमीटर तीन तासांच्या आत संपवतो. आठ मिनिटं घेणाऱ्याला त्याच अंतराला सव्वाचार तास लागतात. साडेतीन तासांपुढे फायदा फारसा वाढत नाही, दुखापतीची शक्यता मात्र वाढते. मी एकदा हौसेने ३८ केले; पुढचे चार दिवस जिना कठडा धरून, उलटा उतरत होतो. तुझा वेग कमी असेल तर २८ वर थांब, बिनधास्त.

आत्ता १६ होत असतील तर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढव, दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर. वेग इतका निवांत ठेव की सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता यावं. (नवशिके इथेच फसतात, लाँग रनचीच शर्यत करतात.) शेवटचा मोठा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

आणि हो, रविवारी ३० आणि आठवडाभर लोळणं, असं नको. मधले तीन छोटे रन चुकले तर लाँग रन थोडा कापलेलाच बरा. एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी खायचं पाकिटातलं गोड, घट्टसर जेल), पाणी, बूट, मोजे, सगळ्याची तालीम त्याच दिवशी कर.