मूत्रपिंडाचा विकार आणि नाताळातले सोरपोतेल

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती कुटुंब आहोत. माझे वडील ६२ वर्षांचे असून त्यांचे वजन ६० किलो आहे. त्यांच्या मूत्रपिंडाचा विकार तिसऱ्या टप्प्यात असल्याचे निदान झाले आहे. डायलिसिस सुरू नाही. प्रथिने आणि मीठ कमी करण्यास डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी पोर्क पूर्ण सोडले आहे आणि सणासुदीच्या जेवणात ते हिरमुसून बसतात. त्यांना ते कधीच खाता येणार नाही का? सॉसेज थोडे चालेल का?

उत्तर : आपल्या वडिलांना पोर्क कायमचे वर्ज्य करण्याची गरज मला वाटत नाही, मात्र कोणते, किती आणि कसे शिजवलेले, यावर सारे अवलंबून आहे. या टप्प्यावर साधारणपणे दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे त्यांच्यासाठी दिवसाला सुमारे ४८ ग्रॅम. शिजवलेल्या, चरबी काढलेल्या ६० ग्रॅम पोर्कमध्ये त्यातली सुमारे १६ ग्रॅम येतात. तेव्हा ज्या दिवशी पोर्क असेल, त्या दिवशी अंडी, मासळी आणि डाळ यांचे प्रमाण त्या हिशेबाने कमी करावे लागेल. लाल मांस वारंवार खाणे मूत्रपिंडाला हितावह नाही, म्हणून हे सणापुरते किंवा महिन्यातून एखाद्या वेळेपुरते ठेवावे.

सॉसेज, बेकन, हॅम आणि गोव्याचे चोरीस (मसालेदार सॉसेज) यांना मात्र मी स्पष्ट नकार देईन. ताज्या मांसात सोडियम अगदी थोडे असते, पण ते टिकवताना भरपूर मीठ घातले जाते आणि दिवसभरात ५ ग्रॅम मिठाची मर्यादा एवढ्यातेवढ्या तुकड्यांतच बरीचशी संपते. शिवाय कारखान्यातल्या पदार्थांत अनेकदा फॉस्फेटयुक्त रसायने असतात. मांसातले नैसर्गिक फॉस्फरस शरीर अंशतःच शोषते, तर हे जवळजवळ सगळे रक्तात उतरते.

नाताळातल्या सोरपोतेलाकडे, म्हणजे पोर्क आणि त्याचे अवयव घालून केलेल्या आंबट-तिखट रश्श्याकडे, जरा बारकाईने पाहू या. त्यात पडणारे काळीज आणि इतर अवयव फॉस्फरस व यूरिक आम्ल वाढवतात, म्हणून वडिलांचा वाटा निव्वळ मांसाचा, चरबी काढून वेगळा शिजवावा. मांस आधी उकडून घेतो, ते पाणी आपल्याकडे रश्श्यात घालतात, कारण चव त्यातच असते. परंतु मांसातले पोटॅशियम आणि फॉस्फरसही बऱ्याच अंशी त्यात उतरलेले असते, त्यामुळे ते ओतून टाकावे. मीठ कमी केल्याची उणीव सिरका, लसूण, आले, दालचिनी आणि मिरी यांनी चांगली भरून निघते. बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते आणि आजारी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणे जड जाते.

सणाआधी रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासून ते अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. दोन्हींपैकी एकही वाढलेले असेल तर या खेपेस पोर्क टाळणेच योग्य. पुढे कधी डायलिसिस सुरू झाल्यास प्रथिनांची गरज उलट वाढते, त्यामुळे वरची मापे तेव्हा लागू राहणार नाहीत आणि आहारतज्ज्ञांकडून ती नव्याने ठरवून घ्यावी लागतील.