मोह पडतो तेव्हा शाळा किती वाजता भरवायची?

प्रश्न : बाई, मी मूळचा लातूरकडचा. भामरागड तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेवर माझं हे पहिलंच वर्ष. पट २३. मार्च लागला, सकाळची शाळा सुरू झाली आणि वर्गात चार-पाचच मुलं दिसू लागली. बाकीची आईबापाबरोबर मोहाची फुलं वेचायला जातात. पालकांना समजावलं, रागावलोही. काय करू?
– एक शिक्षक, जि. गडचिरोली

उत्तर : सर, आधी रागावणं थांबवा. मोहफूल पहाटेपासून गळतं ते ऊन चढेपर्यंत. वेळेवर वेचलं नाही तर गुरं खातात, रानात अस्वलं खातात. म्हणून घरंच्या घरं अंधारात निघतात. हा हंगाम काही आठवड्यांचाच. वाळवलेला मोह पुढं खायला होतो, विकून तेल-मीठ आणि कपडे येतात. तुम्ही सातला घंटा देता, ती त्यांच्या ऐन सुगीत.

माझ्या तिसरीतल्या एका मुलीची वही कायम चिकट असायची. पानं एकमेकांना डकलेली. मी तिला दोनदा बोलले होते. मग एका पहाटे तिच्याबरोबर झाडाखाली गेले. आजीनं आदल्या दिवशी पाचोळा झाडून बुंध्याभोवतीची जागा लख्ख केली होती. पोरगी उकिडवी बसून दोन्ही हातांनी वेचत होती, धाकटा भाऊ शेजारी फडक्यावर झोपलेला. तासाभरात माझीही बोटं तशीच चिकट झाली. वहीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या आणि वेळ गावालाच विचारा. आमच्या गावानं दहाची सांगितली. दहा ते एक आम्ही चिंचेखाली बसायचो. ठराव करून केंद्रप्रमुखांना लेखी द्या. शाळेची वार्षिक दिनदर्शिका ठरवण्याचं काम २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक प्राधिकरणाकडे दिलं आहे, तेव्हा मागायला संकोच नको. मात्र पहिली ते पाचवीचे २०० दिवस भरलेच पाहिजेत, आणि हजेरी खोटी मांडायची नाही. वरून कितीही दबाव येवो.

गणित तर त्यांच्या हातातच असतं. विडीसाठी तोडतात त्या तेंदूपानांचा पुडा ७० पानांचा. दहा पुड्यांची पानं किती, हे चौथीचं पोर फळ्याकडे न बघता सांगतं. तेच त्याला लिहायला लावा. वाचन मात्र या दिवसांत खरंच मागं पडतं, त्यावर पांघरूण घालू नका. रोज अर्धा तास फक्त वाचन ठेवा. अडलेल्या शब्दाला माडियात, त्यांच्या घरच्या भाषेत, काय म्हणतात ते मुलांनाच विचारा आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा.

आणि भावंडं सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलींना भावंडासकट येऊ द्या. माझ्या वर्गाच्या कोपऱ्यात एक गोधडी कायम अंथरलेली असायची.