औषधांनंतरचा सराव

प्रश्न : माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी भास थांबले. पण तो कोणाशी बोलत नाही, राजवाड्याच्या बाजारात खरेदीलाही येत नाही. सामाजिक कौशल्य प्रशिक्षणाचा उपयोग होईल का? – एक आई, इंदूर

उत्तर : होऊ शकतो. असे अबोल राहणे हा हट्ट नसून बहुधा आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषधांचा परिणाम तुलनेने कमी होतो. या प्रशिक्षणात दुकानदाराला भाव विचारण्यासारखा साधा प्रसंग लहान टप्प्यांत विभागून प्रशिक्षक आधी स्वतः करून दाखवतात, मग रुग्ण तो वठवतो, काय जमले ते त्याला नेमके सांगितले जाते आणि तोच सराव प्रत्यक्ष बाजारात करायला दिला जातो. तेथे त्याच्या वतीने तुम्ही बोलू नये. आयांना हेच सर्वांत अवघड जाते. औषधे मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नयेत.