'जरी'ला 'तरी' लागतंच ना, मॅडम?

"मराठीत मी तासभर बोलेन, मॅडम. पण इंग्रजीत दोन वाक्यं जोडायची वेळ आली की पेन थांबतो."

मराठी माध्यमातून आलेली आणि पदवीला सगळं इंग्रजीत लिहावं लागणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात, तेव्हा थोड्याफार फरकानं हेच सांगतात. त्यांचे आईवडील विचारतात, "बारावीपर्यंत इंग्रजीत कधी नापास झाली नाही, मग आताच काय झालं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एका मुलीसोबत बसून नीट कळलं. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहिते आहे.

ती कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. गाव तासगावच्या बाजूचं, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं, कारण ती मेसमध्ये जेवायला यायची नाही आणि सुट्टीत घरी गेली की परतायला तयार नसायची. पहिल्या दोन भेटींत इंग्रजीचा विषयच निघाला नाही. घरची आठवण, खोलीतल्या मुली, डोकेदुखी यावरच बोलणं झालं. तिसऱ्या वेळी तिनं पिशवीतून एक अहवाल काढला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला.

पहिल्या सत्रात तिनं द्राक्षाच्या वाणांवर लिहिताना एक वाक्य लिहिलं होतं : 'ऑल्दो द ग्रेप्स आर स्वीट, बट द स्किन इज थिक.' सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. मागून कुणीतरी म्हणालं, "दोन-दोन कशाला?" आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तिनं वाक्यं जोडणंच सोडलं. समोरच्या अहवालात पानभर नुसती तुटकी वाक्यं होती : 'ग्रेप्स आर कट. ग्रेप्स आर डिप्ड. ऑइल इज युज्ड. ग्रेप्स आर ड्राइड.' त्याखाली लाल शाईत शेरा होता, शाळकरी इंग्रजी.

"जोडलं तर हसतात, नाही जोडलं तर असं लिहितात," ती म्हणाली. "मला हे शिक्षण झेपणार नाही."

समुपदेशकानं व्याकरणात पडावं का, असं माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं. मला वाटतं, पडावं. काही भीतींच्या मुळाशी खरोखरच एक न समजलेली गोष्ट असते. ती समजेपर्यंत श्वासाचे व्यायाम आणि 'तू करू शकतेस' हे शब्द वरवरचे राहतात. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी नऊ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे मला धीरही होता.

तरी सुरुवात मी चुकीची केली. पुढच्या भेटीला मी तिला उभयान्वयी अव्ययांची यादी दिली. अँड, बट, सो, बिकॉज, दो, अनलेस, अंटिल, प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि एकेक उदाहरण. ती यादी पाठ करून आली. लिहायला सांगितलं तर आणखी गोंधळली, कारण आता निवडायला तीस शब्द होते आणि त्यांतला कुठला घ्यावा हे ठरवायचं काहीच साधन तिच्या हातात नव्हतं. तो आठवडा तिचा वाया गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी वही मिटवली आणि म्हटलं, "तुमच्याकडे बेदाणा कसा करतात ते मला सांग. मराठीत. मला काहीच माहीत नाही असं समज."

ती बोलायला लागली. घड उतरवून आणायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायचे. सावलीत वाळवायचे, कारण कडक उन्हात रंग काळवंडतो. हवा कोरडी असली तर साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो, पण मार्चमध्ये अवकाळी आला की सगळं मुसळ केरात. ताडपत्र्या सोडल्या नाहीत तर मालाला बुरशी येते. जरी माल वाचला तरी डाग पडतात, मग व्यापारी भाव पाडतात. आवाज चढला होता आणि हात हलत होते. माझ्यासमोर बसल्यापासून पहिल्यांदाच तिची मान वर होती.

ती बोलत असताना मी कागदावर रेघा ओढत होते. पाचेक मिनिटांत तेवीस. "या कसल्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं, "तू दोन गोष्टी जितक्या वेळा जोडल्यास, तितक्या रेघा. कारण, पण, म्हणून, तर, मग, तरी. एकदाही चुकली नाहीस." ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

तिथून आमचं खरं काम सुरू झालं. मी तिला तिचं ते हसं झालेलं वाक्य मराठीत म्हणायला लावलं. "जरी द्राक्षं गोड आहेत, तरी साल जाड आहे." मग विचारलं, यातला 'तरी' काढून बघ. "जरी द्राक्षं गोड आहेत, साल जाड आहे." तिनं लगेच नाक मुरडलं. "लंगडं वाटतं. 'जरी'ला 'तरी' लागतंच ना, मॅडम?"

लागतंच. आपल्या भाषेत हे शब्द जोडीनं चालतात : जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जसा–तसा, जोपर्यंत–तोपर्यंत. एक आलं की कान दुसऱ्याची वाट बघतो. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी जोडीतलं एकच ठेवतात. 'ऑल्दो द ग्रेप्स आर स्वीट, द स्किन इज थिक' इतकं म्हटलं की वाक्य पुरं. किंवा ऑल्दो काढून मध्ये बट ठेवा, तेही पुरं. तिनं लिहिलेला बट म्हणजे तिच्या कानानं शोधलेला 'तरी' होता. ज्या चुकीवर वर्ग हसला, ती चूक मराठी उत्तम येणाऱ्या माणसाच्या हातूनच होते. हे मी तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही, ते तसंच आहे. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'दो'बरोबर 'येट' घेतलेलं सापडतं आणि ते अशुद्ध मानलं जात नाही. पण ऑल्दो आणि बट एकत्र येत नाहीत. तिला मी सांगितलं, सध्या एकच ठेवायचं, म्हणजे कुठे अडायला नको.

'बिकॉज'चं कोडं जरा निराळं आहे आणि ते उलगडताना मलाही मजा आली. तिनं लिहिलं होतं, 'बिकॉज द स्काय वॉज क्लाउडी, सो वी क्लोज्ड द शेड.' मराठीत 'कारण' नेहमी मागून येतं. आधी झालेली गोष्ट, मग कारण. "शेड बंद केलं, कारण आभाळ आलं होतं." आभाळ आधी सांगायचं असेल तर आपण 'कारण'ला हात लावत नाही, 'म्हणून' म्हणतो : "आभाळ आलं होतं म्हणून शेड बंद केलं." इंग्रजीत मात्र बिकॉज वाक्याच्या आरंभीही बसतो. तो तिथे दिसला की मराठी मनाला वाक्य अर्धवट वाटतं आणि हात आपोआप 'सो' लिहितो. हे लक्षात आल्यावर तिनं स्वतःच सो खोडला.

नकार हा सगळ्यात फसवा. आपण म्हणतो, "पाऊस थांबत नाही तोपर्यंत ताडपत्री काढू नका." इथे 'नाही' हवाच. तो तसाच इंग्रजीत नेला की होतं, 'डू नॉट रिमूव्ह द शीट अंटिल द रेन डज नॉट स्टॉप', आणि अर्थ उलटा होऊन बसतो. अंटिलच्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून 'अंटिल द रेन स्टॉप्स' पुरे. अनलेसचंही तसंच, तो म्हणजे 'जर नाही तर' सगळं एका शब्दात. 'अनलेस यू कव्हर द शेड, द रेझिन्स विल स्पॉइल.' त्यात आणखी नॉट घातला की ताडपत्री टाकल्यामुळे माल खराब होईल असा अर्थ निघतो. हे ऐकून ती हसली. "पप्पांना असं लिहून पाठवलं तर पप्पा ताडपत्रीच टाकणार नाहीत."

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या पिढीला पाचवीपासून होतं. म्हणजे ही मुलगी बारा वर्षं इंग्रजी शिकली, पास झाली आणि तरी अडली. दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेत 'अमुक शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं सांगतात. शब्द दिलेला असतो, मुलं फक्त तो साच्यात बसवतात. नो सूनर दिसलं की पुढे डिड किंवा हॅड आणि मध्ये दॅन, एवढं पाठ असलं की गुण मिळतात. अहवाल लिहिताना शब्द कुणी देत नाही. तिथे आधी ठरवावं लागतं की या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय. एक दुसरीचं कारण आहे, का अट आहे, का विरोध आहे, का नुसती एकीमागून एक घडली. ते ठरवण्याची सवय साच्यातून लागत नाही. म्हणून बारावीला सत्तर गुण मिळवलेलं मूल पहिल्या अहवालात अडलं, तर ते आळशी झालं किंवा त्याचं डोकं कमी पडलं असं घरी कुणी म्हणू नये.

आणि तो साचाही समजून घेतला तर आपलाच निघतो. तिला नो सूनर पाठ होतं, अर्थ माहीत नव्हता. मी म्हटलं, "घंटा वाजते न वाजते तोच मुलं पळाली, असं आपण म्हणतो ना?" 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट' म्हणजे हुबेहूब तेच. ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "हे शाळेत का नाही सांगितलं?" मीही नऊ वर्षांत माझ्या वर्गात हे कधी सांगितलं नव्हतं.

'इंग्रजीत विचार करा' हा सल्ला मी सुरुवातीला कुणालाच देत नाही. जी भाषा अजून पायाखाली घट्ट नाही, तिच्यात विचार करायला लावलं की मूल विचारच आखूड करतं. 'ग्रेप्स आर कट'सारखी वाक्यं त्यातूनही येतात. आधी मराठीत पूर्ण, लांब, हवं तसं बोलावं, त्यातली जोडणी बघावी आणि मग ती जोडणी इंग्रजीत कशी होते ते शोधावं.

काही ठिकाणी मराठीचा हात सोडावाही लागतो. क्रियापदाला लागणाऱ्या 'ऊन' या प्रत्ययाचं तसं झालं. घड उतरवून, धुऊन, बुडवून, पसरून असं आपण पाच क्रिया एका दमात ओवतो. तिनं त्या अँड-अँड-अँडनं जोडल्या, ते निदान अशुद्ध नव्हतं. मग मी आफ्टर वापरायला शिकवलं : 'आफ्टर डिपिंग द ग्रेप्स, वी स्प्रेड देम ऑन रॅक्स.' दुसऱ्या दिवशी तिनं "पाऊस पडून माल खराब झाला" हेही त्याच पद्धतीनं लिहून आणलं : 'रेनिंग, द रेझिन्स वेअर स्पॉइल्ड.' मराठीत पाऊस पडतो आणि खराब होतो माल, कर्ते दोन असले तरी चालून जातं. इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ पाऊस बेदाण्यांनीच पाडला असा होतो. तिथे सरळ 'बिकॉज इट रेन्ड' लिहायचं. हे पटायला तिला दोन भेटी लागल्या.

आम्ही आठवड्याला एकच जोडी घ्यायचो. त्या आठवड्यात मी फक्त तेवढीच चूक दाखवायची, बाकीच्या चुकांना हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. शिक्षकांनाही माझी हीच कळकळीची विनंती आहे. पानभर लाल शाई बघून मूल काही शिकत नाही, ते फक्त कमी लिहायला लागतं. आणि कुणाचं चुकलेलं वाक्य भर वर्गात वाचू नका. समजवायचंच असेल तर स्वतः तयार केलेलं वाक्य घ्या, त्यातही तीच चूक दाखवता येते.

सत्राच्या शेवटी तिला इंग्रजी लेखनात जेमतेम बरे गुण मिळाले. अंटिलपुढे नॉट अजून मधूनच डोकावतो. पण अहवाल तीन पानांचा झाला आणि त्यात अनलेस दोनदा आलं, दोन्ही वेळा बरोबर. मेसमध्ये जेवायला जाते, असं रेक्टर मॅडमनी सांगितलं. माझ्यासाठी ती जास्त मोठी बातमी होती.

भेटी बंद करायचं ठरलं त्या दिवशी ती निरोप घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, 'जो–तो'चं काय? 'जो शेतकरी वेळेवर ताडपत्री टाकतो, त्याचा माल वाचतो.' तिथेही एकच ठेवायचा का?"

"तूच सांग."

ती उभ्यानंच टेबलावर वाकली, माझं पेन घेतलं आणि 'द फार्मर हू' एवढं लिहून थांबली. मी दुसरी खुर्ची पुढे ओढली.