मामांजी भिंतीकडं तोंड करून का पडतात?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र: 'मामांजींना पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू लुळी, शब्द अडकतात. आता काठी धरून चार पावलं टाकतात, पण व्यायाम नको, जेवण नको. भिंतीकडं तोंड करून पडतात. कुणी "काय मामा, कसं आहे?" म्हटलं की रडू फुटतं. घरचे म्हणतात हट्टीपणा आहे. काय करू?'

ताई, हट्टीपणा नव्हे. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, बहुतेकदा पहिल्या वर्षात. मेंदूला झालेली इजा हेही त्याचं एक कारण असतं. त्यामुळं 'सगळं घर सेवेला आहे, मग दुःख कसलं?' हा प्रश्नच इथं लागू पडत नाही. अन् हे असंच राहिलं तर फिजिओथेरपीही वाया जाते, कारण मनच नसलेला माणूस हात उचलत नाही.

रडण्याकडं नीट बघा. कुणी हाक मारताच रडू फुटतं, विषय बदलला की मिनिटाभरात थांबतं, बाकी दिवस बरा जातो, असं असेल तर तो रडण्यावरचा ताबा सुटण्याचा वेगळा त्रास. त्यावरही औषध आहे. पण मामांजींचं जेवण अन् व्यायामही सुटलाय, तेव्हा नैराश्याचीच शंका जास्त. जेवताना ठसका लागतो का, तेही पाहा. गिळायला त्रास होत असेल तर माणूस ताट सरकवतो अन् आपण त्याला उदास समजतो.

मामांजी स्वतः सांगू शकत नाहीत, म्हणून सात दिवस वहीत लिहा: झोप किती तास, किती घास, रडणं किती वेळा आणि कशानं, नातवाकडं बघून हसले का. वही आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडं जा. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात. कोणत्या मंगळवारी, ते आधी विचारून घ्या. डॉक्टर कन्नडमधून विचारतील तर अर्थ सांगायला कुणाला तरी न्या, पण उत्तर मामांजींना देऊ द्या, मान हलवून का होईना.

नैराश्यावर सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी गोळी लहान मात्रेत सुरू होते. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते. फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा-आठ. इथंच बहुतेक घरं चुकतात: पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून गोळी बंद. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर पुढच्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं सोडियम तपासून घ्या. ते उतरलं की गुंगी येते, माणूस बरळतो. झोपेची गोळी आपल्या मनानं आणू नका, तोल जातो. अन् झाडपाल्याच्या औषधासाठी बीपीची गोळी बंद करायला कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका.

घरात टीव्ही बंद करा, एका वेळी एकानंच बोला. 'काय खाणार?' नको, 'उप्पीट की भाकरी?' विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. त्यांचं उत्तर उशिरा येतं. मध्येच शब्द पुरवू नका. व्यायामाचं नाव न घेता शेंगा सोलायला द्या: लुळा हात ताटावर टेकवायचा, डाव्या हातानं शेंग फोडायची. दहा मिनिटं पुरे, रोज आंघोळीनंतर, त्याच वेळी.

'मला कशाला ठेवलंय?' असं काही सुचवलं तर घाबरून विषय टाळू नका, 'जीव द्यावा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं विचार मनात शिरत नाही. भाताच्या फवारणीचं औषध आणि सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, नंबर १४४१६, दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तोंड नव्यानं वाकडं झालं, बोलणं अचानक आणखी अडखळलं, तर मात्र लगेच १०८.

आणि ताई, १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे. आठवड्यातून एक दुपार नणंदेला नाहीतर जावेला बसवा मामांजींजवळ.