रिकॉल जाहीर, दुरुस्ती मात्र रखडलेली

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मोटारीचे दोन्ही हेडलाइट कसारा घाटात अचानक विझले. याच दोषासाठी कंपनीने रिकॉल (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे) जाहीर केले आहे, पण ‘पार्ट आलेला नाही’ असे सांगून सर्व्हिस सेंटर चार महिने परत पाठवत आहे. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिली विनंती अशी, की दुरुस्ती होईपर्यंत रात्री ही गाडी चालवू नका. दोन्ही दिवे एकदम जातात, तेव्हा दोष बहुधा बल्बमध्ये नसून रिले (दिव्यांचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा विद्युत भाग), स्विच किंवा वायरिंगमध्ये असतो. कनेक्टरचे (वायरी जोडणाऱ्या खोबणीचे) प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलेले दिसले, तर ते बदलण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. चॅसी क्रमांक (गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक) नमूद करून कंपनीला ईमेल पाठवा आणि सर्व्हिस सेंटरकडून प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड (तक्रार व कामाची लेखी नोंद) आग्रहाने मागून घ्या, कारण तोंडी आश्वासनाचा पुरावा उरत नाही. चार महिन्यांची ही टोलवाटोलवी मला अक्षम्य वाटते. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतरही दाद न मिळाल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जाता येते.